सातला घरी, पावणेआठला पानं: खान्देशी स्वयंपाकघरात चटकन होणारं चिनी, थाई आणि इंडोनेशियन जेवण

आमच्या जळगावकडे संध्याकाळचा स्वयंपाक म्हणजे खिचडी. तुरीच्या डाळीची, वरून कच्चं शेंगदाणा तेल, सोबत पापड आणि फोडलेला कांदा. खिचडीशी माझं भांडण नाही, आजारी पडले की मलाही तीच लागते. पण नोकरीवरून सातला घरी यायचं आणि आठवड्यातले पाच दिवस तीच खायची, याला मुलांनी बंड केलं. मग बाहेरच्या गाडीवरचे नूडल्स यायला लागले. तेही महिन्याभरात पोटाला आणि खिशाला नको झाले, तेव्हा मी घरीच करून बघायचं ठरवलं.

पहिल्या दिवशी मी चौघांची भाजी एकदम कढईत ओतली. मिनिटभरात तळाशी पाणी साचलं. कोबीचा लगदा झाला, गाजर मात्र कचकच कच्चं. वर बाटलीतला सॉस हात सैल सोडून घातला आणि चवीला मीठही घातलं. सासूबाई अमळनेरकडच्या. त्यांनी वाटी नाकाजवळ नेली आणि विचारलं, "हाई काय शे वं माय?" मला सांगता येईना. त्या रात्री परत खिचडीचाच कुकर लावला.

त्यानंतर दीड-दोन वर्षं चुका करत जे जमलं ते खाली लिहिते आहे. पाककृती कमी आहेत, पद्धत जास्त आहे, कारण माझं अडलं होतं ते पद्धतीपाशी.

१. आधी आच समजून घ्या

हातगाडीवरची शेगडी पाहिली असेल. कढईच्या कडेवरून जाळ वर येतो. तेवढी आच घरच्या गॅसला येत नाही, मोठ्या बर्नरलाही नाही. त्यामुळे गाडीवाला पाच प्लेटचा माल एकदम परततो तसं आपण केलं, तर कढई गार पडते, भाजीचं पाणी सुटतं आणि परतण्याऐवजी भाजी उकडते. माझ्या पहिल्या फजितीचं कारण एवढंच होतं.

आच वाढवता येत नसेल तर माल कमी करायचा. एका वेळी दोन माणसांचंच. घरात चार माणसं असतील तर दोनदा परता. प्रत्येक घाण्याला चार मिनिटं लागतात, म्हणजे दुसऱ्या घाण्याने फार उशीर होत नाही. ही एक गोष्ट पाळली तर बाकीच्या निम्म्या चुका आपोआप टळतात.

दुसरं, गॅस पेटवायच्या आधी सगळं चिरून, मोजून ओट्यावर मांडलेलं हवं. आपल्या भाजीत कांदा परतेपर्यंत टोमॅटो चिरता येतो. इथे लसूण घातला की वीस सेकंदांत पुढची वस्तू पडायला हवी, नाहीतर लसूण करपतो आणि सगळा पदार्थ कडू होतो.

२. काय लागतं

निम्म्याहून जास्त सामान तुमच्याकडे आधीच आहे.

भांडी:
- लोखंडी कढई, पातळ असली तर उत्तम. बिडाची चालते, पण तापायला वेळ घेते. नॉनस्टिक भांडं इतक्या आचेवर वापरू नका, त्याचा थर खराब होतो.
- लांब दांड्याचा सराटा, म्हणजे उलथनं.
- गाळणी किंवा चाळणी, आणि एक मोठी परात. परात कशाला, ते पाचव्या पायरीत येईल.
- इंडक्शन असेल तर सपाट बुडाची कढई. गोल बुडाची त्यावर नीट तापत नाही.

घरात असलेलं: शेंगदाणे, शेंगदाणा तेल, लसूण, आलं, चिंच, गूळ, तीळ, वाळलेल्या लाल मिरच्या, लिंबू, कोथिंबीर.

विकत आणायचं:
- सोया सॉस. बाटली उलटी करून घटक वाचा. सोयाबीन, गहू, पाणी, मीठ असं असेल तर तो आंबवून केलेला. नुसतं मीठ, साखर आणि रंगच आधी लिहिलेलं असेल तर तीच किंमत देऊन काळं खारं पाणी आणताय. गव्हाचं वावडं असलेल्यांनी हा सॉस टाळावा.
- व्हिनेगर, मक्याचं पीठ म्हणजे दुकानात मिळणारं कॉर्नफ्लोअर, तिळाचं तेल. चिनी पद्धतीचं तिळाचं तेल भाजलेल्या तिळाचं आणि गडद रंगाचं असतं. ते न मिळाल्यास तीळ भाजून भरड कुटा आणि शेवटी भुरभुरवा.
- नारळाच्या दुधाचं २०० मिलिलिटरचं पाकीट. आपल्याकडे ओला नारळ कोकणासारखा दारात नसतो, पाकीट बरं पडतं. फोडलं की फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन-तीन दिवसांत संपवा.
- हक्का नूडल्सचं पाकीट.

शाकाहारी घरांसाठी एक इशारा. ऑइस्टर सॉस शिंपल्यांचा असतो, फिश सॉस माशांचा, आणि थाई करीच्या तयार पेस्टमध्ये बहुतेक वेळा वाळवलेल्या कोळंबीची पेस्ट असते. पाकिटावरची खूण बघितल्याशिवाय घेऊ नका. पाहुणे जैन असतील तर कांदा-लसूण वगळा, आलं आणि बटाट्याचंही आधी विचारून घ्या.

३. रविवारची पाऊण तास तयारी

कामाच्या दिवशी अर्ध्या तासात जेवण होतं ते रविवारी केलेल्या कामामुळे. मी तीन बरण्या भरून ठेवते.

पहिली बरणी परतण्याच्या सॉसची. अर्धी वाटी सोया सॉस, पाव वाटी पाणी, दोन चहाचे चमचे साखर किंवा किसलेला गूळ, दोन चमचे व्हिनेगर, अर्धा चमचा मिरपूड. ढवळून फ्रिजमध्ये. दोन माणसांच्या घाण्याला यातले तीन चहाचे चमचे.

दुसरी भाजलेल्या शेंगदाण्यांची. कुटाची नाही, अख्ख्या दाण्यांची, सालं काढून. कूट करून ठेवला तर आठवड्यात त्याला खवट वास येतो, आमच्या उन्हाळ्यात तर तीन दिवसांतच.

तिसरी मिरचीच्या तेलाची. यावर जरा थांबते, कारण ही बरणी एकदा जमली की तुम्ही ती पोह्यांवरही घालाल. सात-आठ वाळलेल्या लाल मिरच्या बिया काढून भरड कुटा. नंदुरबारच्या बाजारातली मिरची आणली असेल तर रंग फार सुरेख येतो. काचेच्या नको, स्टीलच्या वाटीत ही भरड, एक चमचा तीळ आणि चिमूटभर मीठ घ्या. अर्धी वाटी तेल धूर निघेपर्यंत तापवा, गॅस बंद करा आणि दोन-तीन मिनिटं थांबा. मग एक मिरचीचा कण टाकून बघा. तो शांतपणे बुडबुडे सोडत तरंगला तर तेल तयार आहे. क्षणात काळा पडला तर अजून थांबा. तयार तेल मिरचीवर तीन हप्त्यांत ओता, दर वेळी ढवळत. पहिल्या ओतण्याला मिरची फसफसून वर येते आणि घरभर ठसका उठतो, तेव्हा खिडकी आधीच उघडून ठेवा. रंग शेवभाजीच्या तर्रीसारखा दिसला की समजा जमलं.

या तेलात कच्चा लसूण घालून बरणी ओट्यावर ठेवू नका. तेलाखाली हवा नसते, आणि कच्च्या लसणासोबत विषारी जंतू वाढायला तेवढं पुरतं. लसूण हवाच असेल तर जेवताना वरून घाला.

४. कामाच्या दिवशीचा क्रम

सकाळी निघताना भाज्या धुऊन फडक्यावर पसरून जा. ओली भाजी तापल्या तेलात गेली की तडतडते, आणि वर पाणी सोडते ते वेगळंच. उन्हाळ्यात मात्र वाळलेली भाजी फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये टाका, नाहीतर संध्याकाळपर्यंत ती सुकते.

घरी आल्यावर आधी पाणी उकळायला ठेवायचं, हातपाय मग धुवायचे. नूडल्स असतील तर पाणी लागतंच, नसतील तर सूपला होतं. मग चिरणं, तेही कडक भाजी आधी. गाजर आणि फरसबी बारीक तिरकी, कोबी जाडसर पट्ट्यांमध्ये, ढोबळी मिरची शेवटी. परततानाही हाच क्रम: कडक भाजी एक मिनिट, मऊ भाजी अर्धा मिनिट, मग सॉस.

भाज्यांसाठी मॉलमध्ये जायची गरज नाही. आपलं गिलकं चीन आणि व्हिएतनाममध्ये लसूण घालून किंवा अंड्यासोबत परततात. फक्त ते जाड चिरा आणि मीठ-सॉस अगदी शेवटी घाला, कारण गिलक्याला पाणी फार सुटतं. चवळीच्या कोवळ्या शेंगा फरसबीच्या जागी चालतात, आणि चिनी पदार्थांतले पांढरे लांब मोड म्हणजे आपले मूगच. ते अंधारात, वर थोडं वजन ठेवून वाढवतात म्हणून लांब आणि जाड होतात. आपण फडक्यात बांधून एका दिवसात काढतो म्हणून आखूड राहतात. चव तीच.

५. फ्राइड राइस

नव्याने सुरुवात करणाऱ्याने पहिला पदार्थ हाच करावा. बिघडला तरी खाता येतो.

तांदूळ कोलम घ्या किंवा बासमती. इंद्रायणी आणि आंबेमोहोर वरणभाताला छान, इथे चिकटतात. दोन माणसांना एक वाटी तांदूळ, त्याचा साधारण तीन वाट्या भात होतो. भात मोकळा हवा, म्हणून मी भरपूर उकळत्या पाण्यात शिजवते आणि कणी जराशी टणक असतानाच चाळणीवर ओतते.

गार भातच का, हे मला बरेच दिवस कळलं नव्हतं. शिजल्यावर भाताच्या दाण्यातला स्टार्च फुगून मऊ आणि चिकट असतो. गार झाला की तो पुन्हा घट्ट बसतो, दाणा टणक होतो आणि कढईत एकमेकांना चिकटत नाही. गरम भात कढईत टाकला की सराट्याखाली त्याची खीर होते.

आता सगळ्यात महत्त्वाचा इशारा. सकाळचा भात संध्याकाळी वापरायचा असेल, तर तो ओट्यावर झाकून ठेवू नका. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा पंचेचाळिशी गाठतो, आणि इतर महिन्यांतही स्वयंपाकघर काही थंड नसतं. तांदळात एक जंतू असतो, बॅसिलस सिरियस. त्याची बीजं उकळूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ती जागी होतात आणि त्यातून जे विष तयार होतं ते पुन्हा परतूनही जात नाही. "गरम केलं की चालतं" हे इथे लागू नाही. भात झाला की परातीत पसरा, वाफ गेली की तासाभरात फ्रिजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी संपवून टाका. वास येत नाही म्हणजे चांगलाच आहे, असं भाताच्या बाबतीत धरू नका.

सकाळी जमलं नाही तर परातीची युक्ती. संध्याकाळी ताजा भात करून परातीत पातळ पसरा आणि पंख्याखाली पंधरा मिनिटं ठेवा. तेवढ्यात भाजी चिरून होते.

कृती: कढई कोरडीच तापवा. पाण्याचा थेंब टाकल्यावर तो नुसता चुर्र न होता मण्यासारखा पळायला लागला की दोन चमचे तेल घाला आणि ते सगळीकडे फिरवा. अंडं खात असाल तर आधी अंडं फोडून विस्कटा आणि बाहेर काढून ठेवा. मग आणखी थोडं तेल, चार पाकळ्या लसूण, बोटभर आलं, दोन लवंगी मिरच्या. वास आला की कडक भाजी, मग मऊ भाजी. मग भात, हाताने मोकळा करून. भात कढईला टेकवून वीस-तीस सेकंद तसाच राहू द्या, मग उलटा. सारखं ढवळत बसलात तर खमंग वास येत नाही. बरणीतला सॉस भातावर न ओतता कढईच्या तापल्या कडेवरून सोडा, तो तिथे क्षणभर जळतो आणि तोच तो गाडीवरचा वास. अंडं परत आत, कांद्याची पात, गॅस बंद.

मीठ आधी घालू नका. पंधरा मिलिलिटरच्या एका चमच्या सोया सॉसमध्ये साधारण ९०० मिलिग्रॅम सोडियम असतं, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याप्रमाणे मोठ्या माणसाने दिवसभरात २००० मिलिग्रॅमच्या आत राहायचं असतं. चाखून बघा, मग ठरवा. रक्तदाबवाल्यांनी सॉस निम्मा करून लिंबू वाढवावं.

६. भरताचं वांगं, चिनी वाटेनं

या पायरीसाठी मी लेख लिहायला घेतला म्हटलं तरी चालेल.

चीनच्या सिचुआन प्रांतात वांग्याचा एक पदार्थ करतात. त्याच्या नावाचा अर्थ "माशाच्या वासाचं वांगं", आणि त्यात मासा कुठेच नसतो. तिथे माशाला जो मसाला लावतात तो वांग्याला लावला म्हणून हे नाव. लसूण, आलं, लोणच्यातली मिरची, आंबट, गोड. वाचल्यावर मला वाटलं, वांगं, लसूण आणि मिरची एवढंच लागत असेल तर आमच्या जळगावजवळच्या आसोद्याच्या वांग्याने काय घोडं मारलंय?

जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हिरवट पांढरं, मोठं, बी कमी आणि गर मऊ. गर मऊ असल्यामुळे ते तेल मात्र अधाशासारखं पितं. पहिल्यांदा मी अर्धी वाटी तेल ओतलं, सगळं आत गेलं आणि खाताना ओठांवर परत आलं. यावर उपाय आहे: वांगं बोटभर लांबीच्या जाड फोडी करून आधी वाफवून घ्या. इडलीपात्रात किंवा चाळणीवर झाकण ठेवून सात-आठ मिनिटं. फोडी आकार धरून राहिल्या पाहिजेत, पण सुरी सहज जायला हवी. वाफवल्यावर तेल पिण्याची त्यांची हौस कमी होते.

दोन माणसांना एक मध्यम वांगं. वाटीत सॉस तयार करा: तीन चहाचे चमचे सोया सॉस, दोन चमचे व्हिनेगर, दोन चमचे साखर, एक चमचा मक्याचं पीठ, पाव वाटी गार पाणी. कढईत दोन चमचे तेल, सहा पाकळ्या लसूण, बोटभर आलं, एक चमचा लाल मिरचीचा ठेचा. तेल लाल झालं की वांगी, एक मिनिट हलक्या हाताने. मग वाटीतला सॉस पुन्हा ढवळून घाला. पुन्हा ढवळायचं विसरू नका, मक्याचं पीठ तळाशी बसलेलं असतं. अर्ध्या मिनिटात रस्सा चकाकतो आणि फोडींना चिकटतो. वर पात.

हिवाळ्यात घरी भरीत होतं तेव्हा मी एक भाजलेलं वांगं बाजूला काढते. कपाशीच्या काड्यांवर भाजलेलं असेल तर काय सांगू, सोललं की धुराचा वास बोटांना दुसऱ्या दिवशीपर्यंत राहतो. ते ठेचायचं नाही. बोटांनी लांब लांब पट्ट्या फाडायच्या, ताटलीत मांडायच्या, वर दोन चमचे सोया सॉस, एक चमचा व्हिनेगर, चिमूटभर साखर, अगदी बारीक लसूण आणि मिरचीचं तेल. गॅससुद्धा लागत नाही. सासूबाईंनी हे कळण्याच्या भाकरीशी खाल्लं आणि पुन्हा मागितलं. भाकरीशी ते भातापेक्षा जास्त जमतं, हे मी त्यांच्याकडूनच शिकले.

७. शेंगदाण्याची चटणी, सरसरीत

इंडोनेशियात उकडलेल्या भाज्या, बटाटा, टोफू म्हणजे सोयाबीनच्या दुधाचं पनीर, आणि अंडं ताटलीत मांडून वर शेंगदाण्याचा सॉस ओततात, त्याला गाडो-गाडो म्हणतात. घटक ऐका: शेंगदाणे, चिंच, गूळ, मिरची, लसूण. खान्देशातल्या बाईला हे शिकवायची गरज आहे का?

बरणीतले दाणे अर्धी वाटी, दोन पाकळ्या लसूण आणि दोन लाल मिरच्या मिक्सरमधून भरड काढा. पीठ करू नका, दाताखाली यायला हवं. कढईत थोड्या तेलात परतून अर्धी वाटी नारळाचं दूध आणि तेवढंच पाणी, एक चमचा चिंचेचा कोळ, दोन चमचे गूळ, दोन चमचे सोया सॉस. मंद आचेवर चार-पाच मिनिटं, कडेला तेल दिसेपर्यंत. घट्ट झाला तर कोमट पाणी. चिंच घातलेला पदार्थ लोखंडी कढईत ठेवून देऊ नका, काळा पडतो. झाला की लगेच स्टीलच्या भांड्यात काढा.

हाच सॉस उकडलेल्या नूडल्सवर घातला की दुसरं जेवण झालं. नूडल्स पाकिटावर लिहिल्यापेक्षा एक मिनिट कमी उकळा, गार पाण्याखाली धरा, निथळून एक चमचा तेल चोळा. तांदळाच्या नूडल्स असतील तर उकळू नका, गरम पाण्यात भिजत ठेवल्या की पुरतं.

लाइट जायची वेळ माहीत असेल तर मिक्सरचं काम आधी उरका. मी खलबत्त्यातही केलंय. चव जास्त छान आली होती, पण रोज कोण कुटणार!

८. हिरवी करी आणि कुंडीतला गवती चहा

थाई स्वयंपाकातला लेमनग्रास म्हणजे आपल्या कुंडीतला गवती चहा. फरक एवढाच, आपण वरची पात चहात टाकतो आणि ते खालचा पांढरट दांडा वापरतात. तेव्हा पात तोडण्याऐवजी एखादा जाड दांडा मुळापासून उपटा, बाहेरची टणक पानं काढा आणि आतलं चार बोटं लांब कोवळं घ्या.

ते, चार हिरव्या मिरच्या, मूठभर कोथिंबीर देठांसकट, लसूण, आलं, चमचाभर धणे, थोडे जिरे आणि लिंबाची वरची हिरवी साल किसून, हे सगळं वाटा. सालीचा पांढरा भाग येऊ देऊ नका, कडू होतं. वाटण तेलात परता, निम्मं नारळाचं दूध आणि पाणी घाला, भाज्या शिजवा. उरलेलं दूध शेवटी, आणि त्यानंतर खळखळून उकळू नका, दूध फाटतं. मीठ, चिमूटभर गूळ, लिंबू. सोबत साधा भात.

थायलंडमध्ये परतलेल्या एका झणझणीत पदार्थात तुळशीची पानं मूठभर घालतात. वनस्पती आपल्या अंगणातल्या तुळशीचीच जात आहे. मी हे घरात एकदाच बोलले. आमच्याकडे तो पदार्थ होत नाही.

९. गोड हवंच असेल तर केळी

केळीच्या जिल्ह्यात राहून गोडासाठी दुकान कशाला? इंडोनेशिया-मलेशियात केळ्याची भजी रस्त्यावर मिळतात, पिसांग गोरेंग. यावल-रावेरकडचं आपलं केळं पूर्ण पिकलं की फार मऊ होतं, म्हणून टोकाला अजून हिरवं असलेलं घ्या. उभे दोन भाग, मग अर्धे. तांदळाचं पीठ तीन चमचे, मैदा दोन चमचे, मीठ चिमूटभर, गार पाणी. मध्यम आचेवर सोनेरी तळा. दहा मिनिटं.

१०. जिथे नवीन माणूस अडकतो

मक्याचं पीठ कधीही थेट गरम रश्श्यात टाकायचं नाही. गुठळ्या होतात, आणि त्या नंतर मोडत नाहीत.

शेजवान चटणीची बाटली म्हणजे सिचुआनची चव नव्हे. ती आपल्या देशात घडलेली लसूण-मिरचीची चटणी आहे. चविष्ट आहे, पण मीठ भरपूर असतं, तेव्हा ती घातली तर सोया सॉस कमी करा. सिचुआनच्या मिरीने जीभ बधिर होते. तिचं जवळचं नातं कोकणातल्या तिरफळाशी आहे. कोकणातून कोणी येत असेल तर मूठभर मागवून ठेवा. मंचुरियनचंही तसंच. १९७५ च्या सुमारास मुंबईत नेल्सन वँग यांनी चिकन मंचुरियन पहिल्यांदा केलं असं सांगतात, चीनच्या मंचुरियाशी त्याचा संबंध नावापुरता. मुलांना तेच हवं असेल तर करा, त्यात कमीपणा काही नाही.

अजिनोमोटोबद्दल घरोघरी भीती असते. जपानच्या किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये समुद्री शेवाळाच्या काढ्यातून त्याची चव देणारा ग्लुटामेट वेगळा काढला. तसाच ग्लुटामेट पिकलेल्या टोमॅटोतही असतो. चिमूटभराने घाबरायचं कारण नाही असं माझं मत आहे, पण वर सांगितलेल्या पदार्थांत तो लागतही नाही. मी आणत नाही.

टोफू पाण्यातून काढून थेट कढईत टाकला की चिकटतो आणि फुटतो. फडक्यात गुंडाळून वर वरवंटा ठेवा, पंधरा मिनिटं. मग फोडी करून आधी नुसत्या तेलात सोनेरी करा. मिळत नसेल तर पनीर घ्या, फक्त ते सॉसमध्ये फार वेळ ठेवू नका, रबरासारखं होतं.

आणि एका आठवड्यात तीन नवे पदार्थ करायला जाऊ नका. मी पहिला महिनाभर दर बुधवारी फक्त फ्राइड राइस केला. चौथ्या बुधवारी घड्याळाकडे न बघता झाला.

११. कढई

जेवायला बसण्याआधीच कढईत गरम पाणी ओता, चिकटलेलं सुटतं. जेवून झाल्यावर मऊ घासणीने धुवा. रात्रभर सिंकमध्ये भिजत ठेवली तर सकाळी तांबडी दिसेल. धुतल्यावर गॅसवर ठेवून पूर्ण कोरडी करा आणि कागदाने तेलाचा अगदी पातळ हात फिरवा. नवी कढई असेल तर पहिल्या दिवशी हे तीन-चारदा करा: तेलाचा हात, धूर येईपर्यंत तापवणं, गार करणं. काळा गुळगुळीत थर बसतो आणि मग अंडंही चिकटत नाही. आमच्याकडे ही कढई वेगळ्या खिळ्याला टांगलेली असते. कामवाल्या मावशींनी एकदा राख आणि काथ्याने घासून लख्ख पांढरी केली होती. त्यांना वाटलं मी खूश होईन. मी काही बोलले नाही, संध्याकाळी पुन्हा तेल लावून गॅसवर चढवली.